रजेपुरता ताप

साईशला पाच रोगांवरची एकच टोचणी देऊन झाल्यावर उपकेंद्राच्या नर्स सुविधाबाईंनी सगळ्यांना सांगतात तेच त्याच्या आईबापांनाही सांगितले. दोन दिवस ताप येऊ शकतो, मांडी सुजेल, पोर किरकिर करेल, दूध कमी पिईल. घाबरायचे नाही. औषध सांगितले तेवढेच द्यायचे, सुईची जागा चोळायची नाही. ताप फारच चढला किंवा मूल तासन्‌तास रडत राहिले, तर मात्र सरळ उचलून आणायचे. सेजलने सगळे नीट ध्यानात ठेवले. तिच्या नवऱ्याने, सुदेशने, त्यातले दोनच शब्द उचलले: दोन दिवस.

सुदेश सुर्ल्याला खनिज वाहतुकीच्या एका ऑफिसात ट्रकांच्या फेऱ्या टिपायचा. केरीच्या प्रज्योतने, त्याच्या जुन्या मित्राने, आदल्याच दिवशी फोन करून सांगितले होते की तेरेखोल नदीच्या तोंडाशी तांबोशी मासळी गरीला लागते आहे. लाटंबार्सेच्या उपकेंद्रातून बाहेर पडताच सुदेशने गोकुळदास साहेबांना फोन लावला. मुलाला इंजेक्शनाने सणसणीत ताप भरलाय, दोन दिवस रजा हवी. तो हे सांगत असताना साईश आईच्या खांद्यावरून त्याच्याकडे बघून हसत होता. सुईचा राग त्याने दुधाबरोबर केव्हाच गिळून टाकला होता.

"ताप खंय आसा?" सेजलने विचारले.

"येतलो. बाई काय खोटा सांगतत?"

आपण खोटे बोललोच नाही, जरा आधी बोललो एवढेच, असे सुदेशचे प्रामाणिक मत होते.

साईशने मात्र बापाला अजिबात साथ दिली नाही. दुपारी काखेत थर्मामीटर धरले, ताप नाही. दोन्ही मांड्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्या, तर टोचली कुठली तेच कळेना. दूध त्याने रोजच्यापेक्षा जास्त रिचवले. सुदेशची आई वत्सला कौतुकाने म्हणाली की असले गुणी पोर आपल्या घराण्यात पहिलेच. सुदेशला ते कौतुक टोचले.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. गोकुळदास साहेब ऑफिसात ओरडत असले तरी आजारपणाच्या नावाने पातळ होणारे गृहस्थ. त्यांनी एवढ्या काळजीने चौकशी केली की नुसता ताप सांगणे सुदेशला कमीपणाचे वाटले. त्याने आकडा एकशेतीनवर नेला आणि मांडी नीरफणसाएवढी केली.

ह्यात त्याच्या हातून एक गोष्ट सुटली. साहेबांची लेक सिद्धी लाटंबार्सेलाच वरच्या वाड्यावर दिली होती, आणि तिच्या तान्ह्या मुलीला हीच टोचणी दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत मिळायची होती. साहेबांनी लगेच लेकीला फोन करून सांगितले, उद्या नेऊ नकोस. सिद्धीने शेजारणीला सांगितले, शेजारणीने जावेला. पहाटे सायकलवर पाव घेऊन फिरणाऱ्या पोदेराच्या कानावर ते गेले, आणि मग बातमीला चाकेच लागली. एका वाड्यावर पोराला ताप होता, दुसऱ्यावर आकडी आली, तिसऱ्यावर त्याला म्हापशाला हलवले.

सुदेशच्या फाटकाशी पोदेर आला तो भोंपू न वाजवता. सुदेश तेव्हा स्कूटरला गळ बांधत होता. पोदेराने हळू आवाजात बाळाची चौकशी केली, पावांत एक पाव जास्त घातला आणि खाली मान घालून निघून गेला. सुदेशला वाटले, ह्याला बरे नसेल.

मग सुविधाबाई आल्या. अंगणवाडीत लशीचा थंड डबा मांडून त्या बसल्या होत्या आणि एकही आई फिरकली नव्हती; कारण विचारले तर साईशचे नाव निघाले. त्यात अशी केस झाली तर वरती कळवावी लागते, डिचोलीहून डॉक्टर येतात. तेव्हा आधी पोर बघायला हवे. पोर ओट्यावर वत्सलेच्या मांडीत होते आणि हवेत सायकल चालवत होते. बाईंनी त्याचे कपाळ बघितले, मांडी बघितली. मग स्कूटरवरचे गळ बघितले.

"माका एक सांगा, सुदेशबाब. ताप कोणाक इलो?"

"ह्यांका," सेजल म्हणाली. "तांबोशीचो."

सुदेशने हसून बघितले. बाई हसल्या नाहीत. ह्याच टोचणीने टळणाऱ्या डांग्या खोकल्याने श्वास अडकून निळे पडलेले मूल त्यांनी एकदा हातात धरले होते, एवढेच त्यांनी सांगितले, आवाजही न चढवता. ते ऐकताना सुदेशची नजर आपसूक साईशकडे गेली. त्याने गळ सोडून भिंतीला टेकवले आणि विचारले, आता काय करू?

काय करायचे ते सोपे होते आणि भयंकर होते. साईशला काखोटीला मारून त्याने वरच्या वाड्यावर घरोघरी जायचे आणि आपण थाप मारली हे आपल्या तोंडाने सांगायचे. सुदेश गेला. पहिल्या घरी त्यांचा विश्वास बसेना. आजारी पोर म्हापशाला आहे, हे कुणाचे उचलून आणले, असे एका म्हातारीने विचारले. दुसऱ्या घरी साईशचा लंगोट सोडून तपासणी झाली. साईशने तपासणाऱ्यांच्या अंगावर मनसोक्त धार सोडली, आणि पोर ठणठणीत असल्याचे सर्वांना पटले.

सिद्धीच्या दारात खुद्द साहेब बसले होते. लेकीला धीर द्यायला ते ऑफिस सोडून आले होते. त्यांनी साईशला मांडीवर घेतले आणि बराच वेळ निरखले. सुदेशच्या खिशातून आमिषाच्या सुंगटांचा वास येत होता.

"एकशेतीन?" साहेबांनी विचारले.

"उतरलो, साहेब."

साहेबांनी साईशला परत त्याच्या हातात दिले. नातीला आणायला त्यांनी सिद्धीला आत पाठवले आणि सगळे अंगणवाडीकडे निघाले. दुपारपर्यंत तिथे एवढी रडारड झाली की सुविधाबाईंना सूचना ओरडून द्याव्या लागल्या. शेवटी त्यांनी सांगितले की अडचण आली तर मला फोन करा, आणि मी दुसऱ्या घरी असले तर सुदेशबाबांना. ते रजेवरच आहेत.

संध्याकाळपासून ताप आले. अगदी सांगितले तसे, बेताचे. ज्या तापासाठी सुदेशने रजा घेतली होती तो गावात आला खरा, फक्त दुसऱ्यांच्या घरी. फोन खाली ठेवायला फुरसत नव्हती. मांडी चोळू नका, दूध पाजत राहा, औषध बाईंनी सांगितले तेवढेच, असे तो ओट्यावर येरझारा घालत सांगत होता. एका घरी औषधाची बाटली फुटली, तर स्कूटरवर जाऊन नवी देऊन आला. सेजल दारात उभी राहून ऐकत होती. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला नवरा कामाचा वाटला.

रात्री साहेबांचा फोन आला. नातीला शंभर ताप होता. ती शांत झोपली होती, साहेब मात्र थर्मामीटर घेऊन तिच्या उशाशी बसले होते.

"सुदेश, उद्यां मी रजा घेऊं काय रे?"

"कित्याक साहेब?" सुदेश म्हणाला. "एवढ्याशा तापाक कोण रजा घेता?"