मायागडच्या तळ्यावरची चोरी

“गुन्हेच होत नाईत या गावात. असं डोक्स घेऊन माणसानं करावं काय? पडवीत बसून माशा माराव्या?”

कुरकुर भिंतीपलीकडून आली. ती कोणालाच उद्देशून नव्हती, पण चुलीपर्यंत पोचेल इतक्या आवाजात होती. वच्छलाने आधणात तांदूळ वैरले आणि हुंकारसुद्धा दिला नाही. हुंकार दिला की नवरा आत येतो आणि स्वतःविषयी सांगू लागतो, एवढं सव्वीस वर्षांच्या संसारात तिला कळलं होतं.

लटारूभाऊ तरीही आत आले.

“सावली तालुक्यात नजर दोघाइलेच हाये. एक घारीले, दुसरी मले.”

“घारीले चष्मा लागत नाई,” वच्छला म्हणाली.

लटारूभाऊंनी मासेमार सोसायटीच्या तलावाची बावीस वर्षं राखण केली होती. तेवढ्या काळात त्यांनी तीन चोर पकडले. पहिला वच्छलाचा सख्खा भाऊ निघाला. दुसरं पाणमांजर होतं. तिसरा चोर नव्हताच. तो सोसायटीचा अध्यक्ष होता आणि आपलंच जाळं काढत होता. काम सुटल्यावर भाऊंनी शंभर पानी वही आणली, वर मोठ्या अक्षरांत ‘गुप्त’ असं लिहिलं आणि पडवीत सगळ्यांना दिसेल अशा खुंटीला टांगली.

त्या रविवारी मात्र गुन्हा आपल्या पायांनी घरी आला. त्यांची मुलगी डिंपल त्या दिवशी सुरेंद्रच्या सायबर कॅफेत एकटीच गेली होती, ती लाल डोळे घेऊन परतली.

“माय, माह्या थैलीतलं सगळं गेलं. धनुष्य गेलं, झगा गेला, औषधाच्या शिश्या गेल्या.”

थैली खरी नव्हती. कम्प्युटरवर ‘मायागड’ नावाचा खेळ होता, तिथली ती थैली. देशोदेशीचे लोक एकाच वेळी त्या गडावर जमत, रानात हिंडत, लांडगे मारत. रान आणि लांडगे बघायला इकडच्या माणसाने पडद्यासमोर का बसावं, हे सावलीत बऱ्याच जणांना कळत नव्हतं. वच्छलाला कळत होतं, कारण तिथे मिथुन यायचा.

मिथुन म्हणजे थोरला. दीड वर्षापूर्वी तो पुण्याला कंपनीत गेला, तो बापाशी भांडून. बापाने सोसायटीत त्याचं नाव लावून ठेवलं होतं. पोरगा म्हणाला, तलावात आता मासे कमी अन् गाळ जास्त. बाप म्हणाला, जायचं तर जा.  ते वाक्य घरात पुन्हा कोणी काढलं नव्हतं. तेव्हापासून लटारूभाऊ मुलाचं नाव घेत नसत. फार गरज पडली तर ‘पुण्यातली पार्टी’ म्हणत.

फोनवर मिथुन “जेवलो, बरा हाये” एवढं बोलून ठेवून द्यायचा. पण रविवारी अकरा वाजता तो मायागडावर बहिणीबरोबर तासभर हिंडायचा आणि हिंडताना टाइप करत राहायचा. मेसची भाजी, खोलीतले ढेकूण, साहेबाच्या शिव्या. डिंपल वाचून दाखवायची आणि वच्छला शेजारच्या स्टुलावर बसून ऐकायची. पडद्यावर त्याला शिंगं होती, दाढी बेंबीपर्यंत होती. पण चार पावलं चालून मागे वळून बघायची खोड त्याचीच.

गेलेलं धनुष्य त्यानेच तीन महिने खपून मिळवलेलं आणि बहिणीला दिलेलं.

“मी विकलं म्हणते तो,” डिंपल म्हणाली. “नाई म्हटलं तर म्हणे, पुढच्या रविवारी खरं सांग. नाई तर मी खेळच सोडतो.”

वच्छलाच्या हातातला सराटा भातातच राहिला.

“केस घेतली,” लटारूभाऊ म्हणाले. कोणी दिली नव्हती.

सोमवारी ते भिंग घेऊन कॅफेत पोचले.

“कीबोर्डवर बोटाचे ठसे हायेत.”

“चारशे जणाचे असन भाऊ,” सुरेंद्र म्हणाला.

“गर्दीतच लपते गुन्हेगार,” असं म्हणत भाऊंनी वहीत नोंद केली. मग त्यांची नजर सुरेंद्रच्या खुर्चीकडे गेली. “नवी हाये. धनुष्य विकून आणली का?”

“भाऊ, ते धनुष्य पडद्याच्या आत हाये.”

“म्हणूनच तर कोणाले सापडत नाई.”

मंगळवारी संशय झिंगूवर गेला. चोरीच्या मालात एक झगा होता आणि शेजारचा झिंगू भर मे महिन्यात शाल पांघरून फिरत होता. भाऊंनी चौकात त्याची शाल ओढली. आत हिवतापाने कुडकुडणारा झिंगू होता. त्याच्या बायकोने जे ऐकवलं ते भाऊंनी वहीत लिहिलं नाही. गुरुवारी त्यांनी खेळातल्या टोकदार कानांच्या जमातीवर ठपका ठेवला: “एवढे लांब कान कायले पाह्यजे? घरातलं ऐकाले.” शुक्रवारी ते तीन नंबरच्या कम्प्युटरपाशी थबकले. डिंपल नेहमी त्यावर बसायची, आणि सुरेंद्रच्या सांगण्यानुसार त्या मशीनला तिचा पासवर्ड पाठ झाला होता. नुसतं बटण दाबलं की खेळ उघडायचा.

“म्हणजे मशीनच सामील हाये,” भाऊ घाईघाईने म्हणाले आणि बाहेर पडले.

जाताना सुरेंद्रने त्यांना थांबवलं. “भाऊ, नवीन पोरं रोज खेळात लुटल्या जाऊन राह्यले. त्याइच्यासाठी चार सूचना लिहून द्या. भिंतीले लावतो.”

एवढा मान त्यांना आजवर कोणी दिला नव्हता. शनिवारी सकाळभर ते लिहीत बसले आणि दुपारी आडवे झाले. वच्छला पडवी झाडत होती. वही खुंटीवर उघडीच लोंबत होती. ‘गुप्त’ लिहिलेलं असल्याने ती आधी वाचावी लागली.

“नवख्या खेळाडूस सूचना. पहिल्या दिवशी लांडग्याच्या वाट्याला जाऊ नये. तो एकटा दिसतो, पण झाडामागे आणखी दोन असतात. ज्याच्या डोक्यावर पिवळं चिन्ह तरंगतं त्याला भेटावं. तो काम देतो, चहा देत नाही. पाण्यात उतरण्याआधी लोखंडी अंगरखा काढावा, फार ओढतो. मेल्यास घाबरू नये, स्मशानात आपोआप उठून बसता येतं. अनोळखी माणसाच्या मागे मागे फिरू नये, तो चिडतो. थैलीतलं सामान जमिनीवर ठेवू नये. काठावर तर मुळीच ठेवू नये. तिथले लोक वाट पाहत नाहीत.”

वच्छलाने दोनदा वाचलं. डिंपल त्या खेळातल्या पाण्याला भिऊन कधी तळ्याकडे फिरकली नव्हती. मग लोखंडी अंगरखा पाण्यात ओढतो, हे या माणसाला कोणी सांगितलं? आणि दर बुधवारी ‘सोसायटीत काम हाये’ म्हणून हा जातो कुठे, तेही राखणीचं काम सुटल्यावर?

बावीस वर्षांत नवऱ्याला जमलं नव्हतं ते तिला केर काढता काढता जमलं. तिने केर भरला आणि वही होती तशीच लोंबत ठेवली.

रविवारी तिघंही कॅफेत गेले. मिथुन यायला पाच मिनिटं होती.

“सुरेंद्र,” वच्छलाने विचारलं, “बुधवारी या तीन नंबरवर कोण बसते बाबू?”

सुरेंद्रने भाऊंकडे बघायचं टाळून वर छताकडे पाहिलं. “पंखा पुसाले झाला, नाई?”

तेवढ्यात शिंगवाला मिथुन आला आणि पडद्यावर अक्षरं उमटू लागली. डिंपल वाचत गेली.

“म्हणते, नांदेडचा एक खेळाडू भेटला. तुझी बहीण मागच्याच्या मागच्या बुधवारी तळ्यावर होती म्हणे. सगळ्याइनं मिळून अस्वल मारलं. मंग तिनं आपली थैली उलटी केली, काठावर सारखे वाटे घातले, अन् कोणी हात लावू नये म्हणून त्याइच्याभवती फिरत राह्यली. लोक वाटे उचलून पळाले.”

डिंपलचा आवाज हळूहळू बारीक झाला. सावलीत हे लहान पोरालाही ठाऊक होतं: जाळं ओढलं की मासोळीचे वाटे काठावर पडतात, आणि शेवटचा गडी पाण्याबाहेर येईपर्यंत कोणी त्यांना शिवत नाही. बावीस वर्षं ते वाटे एकाच माणसाने घातले होते. मायागडावर मात्र जमिनीवरची वस्तू जो वाकेल त्याची.

“बाबा, तुमी?”

“तपास चालू हाये,” लटारूभाऊ म्हणाले.

“तुमी तिथी कायले गेल्ते?”

“तपासालेच.”

“चोरी व्हायच्या आधी?”

“हुशार माणूस आधीच जाते.”

सुरेंद्र पंख्याकडेच बघत होता. पडद्यावर नवी ओळ आली. डिंपलने ती मनात वाचली, मग मोठ्याने.

“म्हणते, ते बाबाच असतीन. पण खेळणारे सात होते अन् वाटे आठ. आठवा कोणाचा?”

आजारी असलेला, परगावी गेलेला, ज्याला यायला जमलं नाही अशा गड्याचाही एक वाटा काठावर ठेवतात. हे मिथुनला सांगायची गरज नव्हती. त्याने तरीही विचारलं होतं आणि तो तिथे थांबून मागे वळून बघत होता.

वच्छलाने नवऱ्याकडे पाहिलं. लटारूभाऊंनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला. वाचता न येणाऱ्या त्या इंग्रजी अक्षरांकडे ते वाकून बघू लागले.

“लिही,” ते डिंपलला म्हणाले.

“काय लिहू?”

“लिही, मिथुन, जा म्हटलं ते चुकलं माहं. मले तुह्याबिगर करमत नाई.”