मुलाखतीत अजिंक्य

भावोजी आजवर एकाही मुलाखतीत नापास झाले नव्हते. इतक्या मुलाखती द्यायची वेळ का आली, हे घरात कुणी विचारत नसे. पहिलवानाला कुणी विचारतं का, बाबा रे, इतक्या कुस्त्या कशाला?

धाकट्या मेव्हण्याचं मात्र उलटं होतं. साहेबाचं दार दिसलं की त्याच्या तोंडचं पाणी पळे आणि तो स्वच्छतागृहाकडे धावे. या खेपेला नोकरी हुकली, तर काकांच्या खिळ्यांच्या दुकानात बसायचं ठरलं होतं. काका घरीसुद्धा खिळ्यांबद्दलच बोलत. म्हणून ताईने आपल्या नवऱ्याला तयारी करून घ्यायला बोलावलं.

"मेव्हणे, खुर्चीवर नुसतं बसायचं नाही," भावोजी म्हणाले. "खुर्चीला वाटलं पाहिजे, आज कुणीतरी बसलं."

बाबा नकळत ताठ बसले.

"आणि पगार किती हवा विचारलं तर?" धाकट्याने विचारलं.

 भावोजी नुसते खिन्न हसले. आईने न मागता त्यांच्यापुढे दुसरा चहा ठेवला.

"बघितलंत?" भावोजी म्हणाले.

मुलाखतीला धीर द्यायला ते सोबत गेले. शिपायाने नाव पुकारलं तेव्हा धाकटा स्वच्छतागृहात होता. "येतोच आहे तो, मी आत सांगून येतो," म्हणत भावोजी आत शिरले.

धाकटा परतला तर दार बंद. आतून आधी हसणं ऐकू आलं, मग शांतता, मग कुणीतरी नाक शिंकरल्याचा आवाज. भावोजींना सोडायला सगळे साहेब दारापर्यंत आले.

"सांगितलंत ना, भावोजी?"

"सांगायलाच गेलो होतो रे." भावोजी हातातल्या नेमणूकपत्राकडे बघत होते. "ते बसा म्हणाले. बसलो. सवयीने."

घरी ताईने कपाळाला हात लावला. "अहो, त्याची नोकरी होती ती!"

"मी नको म्हणालो गं. त्यावर खूश होऊन त्यांनी पगार वाढवला."

"वा!" बाबा म्हणाले आणि आईने बघताच गप्प झाले.

"मग तुमची आत्ताची जागा?" आईने विचारलं.

ती रिकामी झाली होती.

त्या जागेच्या मुलाखतीला धाकटा एकटाच गेला. ताईने भावोजींना खोलीत कोंडलं आणि किल्ली शेजारणीकडे दिली. तिचा स्वतःवर भरवसा नव्हता.

ऑफिसात मॅनेजरबाई आणि एक थकलेले साहेब बसले होते. धाकटा खुर्चीच्या टोकावर टेकला. खुर्चीला काहीही वाटलं नाही.

"आधी मुलाखती दिल्यात?" बाईंनी विचारलं.

"खूप."

"निवड कुठे झाली?"

धाकट्याला समोर काका दिसू लागले. "कुठेच नाही, मॅडम."

"पुढे होईल?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "मला नाही वाटत."

बाईंनी साहेबांचा दंड घट्ट धरला.

"म्हणजे हा आपल्याला सोडून जाऊच शकत नाही," त्या कुजबुजल्या, आणि दोघंही आदराने उठून उभे राहिले.