कलत्या सदऱ्यांचं वर्ष

"वर्ष होत आलं बाई, माह्या घरात शिंप्याचा एक टाका आला नाही!"

धाड गावच्या आठवडी बाजारात, वांग्यांच्या ढिगापुढं उभं राहून झुंबरबाईनं हे जाहीर केलं. ऐकायला तशी एकटी शेजारची मंजुळाबाईच होती. पण झुंबरबाईचं बोलणं एका माणसापुरतं कधीच नसे. पलीकडं दावणीला बांधलेल्या बैलांनीही ते ऐकून घ्यावं, अशी तिची अपेक्षा असायची!

"इंग्रज गेला, नागपूरचं राज्य गेलं, मुंबईचं गेलं, आपला महाराष्ट्र झाला. मंग शिंप्याचंच राज्य काऊन ठेवाव?"

"खरं हाय बाई," मंजुळाबाई वांगं दाबून पाहत म्हणाली. "तुमच्या घरचे माणसं तर आता कोसावरून ओळखू येतात."

झुंबरबाईनं ही स्तुती समजून पदरात बांधली.

हे सगळं सुरू झालं होतं मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. झुंबरबाई शिंप्याकडून चोळ्या आणायला गेली आणि तिनं उरलेल्या चिंध्या मागितल्या. शिंप्यानं मूठभर काढून दिल्या.

"एवढ्याच? अरे, एवढ्यात तर चिमणीची लंगोटीबी होत नाही! बाकीचं कापड काय खाल्लं का तू?"

शिंप्यानं मशीन थांबवलं, कानावरची पेन्सिल काढली आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. म्हणाला, "बाई, शिवणं इतकं सोपं वाटते तं घरीच शिवत जा."

झालं! पुढच्याच आठवड्यात बुलढाण्याहून एसटीच्या टपावर बसून शिवणयंत्र आलं. झुंबरबाईनं त्याला हळदकुंकू वाहिलं, पुढं नारळ फोडला आणि घरादाराला सांगितलं, "आजपासून ह्या घरात सुई फक्त माही!"

"पण माय, तुले शिकवणार कोण?" मुलीनं, विमलनं विचारलं.

"शिकाले काय लागते? दुसरीतून शाळा सोडली तवा मास्तरच्या डोळ्यांत पाणी आलतं माह्यासाठी!"

"सुटला म्हणून आलं असंल," विमल म्हणाली. पोरीची जीभ आईच्याच साच्यातून निघालेली होती, आणि आईला ते मुळीच खपत नसे.

टेप लावून माप घेणं झुंबरबाईला मंजूर नव्हतं. माणूस काय लाकूड आहे, सुतारासारखं मोजायला? तिनं एक नामी युक्ती काढली. नवऱ्याचा, म्हणजे उत्तमरावांचा, शिंप्यानं शिवलेला एक चांगला सदरा घेतला आणि सगळा उसवून टाकला. मग त्याचा एकेक तुकडा कापडावर ठेवायचा, कोळशानं भोवती रेघ मारायची आणि कातर चालवायची. शिंपी लोक कापड दुमडून दोन्ही खांदे एकदम कापतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं. मोठा मुलगा हिंमतराव, धाकटा शेषराव, दोघांचे सदरे त्याच तुकड्यांवरून निघाले. एवढंच नव्हे, विमलच्या चोळ्यांचा खांदाही तिथूनच!

"माय, हा बाबाच्या सदऱ्याचा खांदा हाय. चोळीले कसा चालंल?"

"खांदा तो खांदा! देवानं काय बाप्यायचे खांदे येगळ्या खाणीतून काढले का?"

वर्षभरात त्या घरानं काय काय भोगलं, ते त्या घरालाच ठाऊक! खिसे इतके खोल की तंबाखूची चंची काढताना शेषरावाला गुडघा खाजवता येई. काजं इतकी मोठी की गुंडी लावली की ती पलीकडून निघून जाई, पाहुणीसारखी. आणि हिंमतरावाचं तर विचारूच नका. ग्रामपंचायतीत विहिरीच्या ठरावाला हात वर करायची वेळ आली, आणि बाहीचा मुंढा काखेत असा आवळलेला की हात छातीपाशीच अडकला. सरपंचाला वाटलं, सदस्य चहा मागून राह्यले! ठराव एका मतानं पडला.

हिंमतराव घरी येऊन कुरकुरला, तर झुंबरबाई म्हणाली, "हात वर झाला नाही तं तोंडानं सांगाचं होतं! तोंड तं नोतं ना शिवलं म्या?"

एक गोष्ट मात्र तिच्याही नजरेत आली होती. घरातली पोरं अलीकडं डावीकडं कलून चालत. सदरा गळ्याशी असा काही ओढायचा की डावा खांदा खाली सोडला तरच श्वास घेता येई. झुंबरबाईला वाटे, आळस! "ताठ राहा रे!" ती ओरडायची. पोरं ताठ व्हायची, खोकायची आणि पुन्हा कलायची. एकटे उत्तमराव तेवढे सरळ. डाव्या खांद्यावर घडी केलेलं उपरणं, सदऱ्याला एक सुरकुती नाही. "बापाचं पाहा जरा!" असं ती पोरांना ऐकवी.

अशात विमलला पाहायला देऊळगाव राजाचे पाहुणे यायचे ठरले. घर तालेवार, मुलगा शाळेत मास्तर. झुंबरबाईनं कंबर कसली. कारण त्या वर्षात आधी दोन ठिकाणची माणसं येऊन गेली होती. चहा पिऊन गेली, ती गेलीच! का, ते कुणी सांगितलं नाही. ही तिसरी सोयरीक हातची गेली असती, तर पोरीत काहीतरी खोट आहे असं गावानं धरलं असतं, आणि गावानं धरलेलं कुत्र्यानं धरल्यासारखं असतं, सुटत नाही.

म्हणून तिनं सगळ्यांना नवेकोरे, आपल्या हातचे कपडे चढवले. चहा झाला की पाहुण्यांना ऐटीत सांगायचं होतं, "पाव्हणे, ह्या घरातला दोरा न् दोरा माह्या हातचा हाय!" आणि विमलला तंबी दिली, "मान खाली. विचारतील तवा नुसती मान हालवजो. तोंड उघडशीन तं पाह्य!"

पाहुणे आले. मुलाचे वडील वैजनाथराव, त्यांची बहीण अन्नपूर्णाबाई आणि काळ्या कोटातला नवरदेव. वैशाखाचं ऊन असं की अंगणातली कोंबडीसुद्धा चोच उघडी टाकून पडलेली, आणि हा गडी कोटात! पण अन्नपूर्णाबाईचे डोळे म्हणजे जात्यावर बसायच्या आधी दाणे निवडणारीचे. खडा आधी दिसणार, दाणा मग.

बैठकीत सतरंजीवर उत्तमराव ताठ बसले होते, शेजारी हिंमतराव आणि शेषराव, दोघेही एकाच अंगाला, वाऱ्यानं लोळलेल्या ज्वारीसारखे.

"दादा," अन्नपूर्णाबाई भावाच्या कानात बोलली, पण तिचं कानातलं बोलणं गोठ्यातल्या म्हशीलाही ऐकू गेलं असतं. "पोरं कलते हायेत."

"बसण्याची सवय असंल."

"दोघायची? एकाच अंगाले?"

हिंमतराव झटकन ताठ झाला. गळा आवळला. डोळे पांढरे झाले. ठसका लागला. पुन्हा डावीकडं!

"घरात कोणाले वात-बीत हाय का, इहीणबाई?"

"नाही वं बाई!" झुंबरबाई हसली. "विमल, आण चहा!"

विमल आली. मान खाली, पदर डोक्यावर, हातात ट्रे. आणि डावा खांदा उतरलेला! ट्रेही त्याच अंगाला. कपबश्या आधी थरथरल्या, मग वऱ्हाडासारख्या एकामागून एक डावीकडं निघाल्या, आणि सगळं वऱ्हाड वैजनाथरावांच्या धोतरावर जाऊन उतरलं!

"अर्रर्र! भाजलं, भाजलं!"

"पोरगीबी कलती!" अन्नपूर्णाबाई उभीच राहिली. "दादा, हा खानदानी ऐब हाय! अन् बाप पाह्य, कसा ताठ बसला. म्हणजे हे सारं आईच्या अंगानं आलं!"

झुंबरबाईच्या कानात लोखंड तापवून ओतल्यासारखं झालं. आईच्या अंगानं? तिचं माहेर मेहकराकडचं!

"माह्या माहेरचे माणसं उभे राह्यले का वासे वाटतात, वासे! त्यायच्यावर घर बांधाव!"

"मंग हे लेकरं कशानं वाकडे झाले?"

आता मात्र झुंबरबाई अडकली. पोरं कशानं कलतात आणि आधीची दोन घरं चहा पिऊन का गेली, ते तिला लख्ख दिसलं. एका बाजूला वर्षभराची ऐट होती, दुसऱ्या बाजूला दारात रिकामा ट्रे घेऊन उभी असलेली विमल. पोरीचे ओठ थरथरत होते. रडण्यानं की बोलण्यानं, सांगता येत नव्हतं.

झुंबरबाईनं ऐट गिळली. ऐट कसली, सबंध शिवणयंत्रच गिळलं!

"लेकरं सरळ हायेत," ती म्हणाली. "कपडे वाकडे हायेत. ते... म्या शिवले."

अन्नपूर्णाबाईनं भुवई वर चढवली.

"खोटं वाटते? हिंमत, काढ सदरा!"

"माय, पाव्हण्यापुढं?"

"काढ म्हन्तलं ना!"

फर्रकन आवाज झाला, एक मुंढा फाटला, आणि हिंमतराव बाहेर निघाला. सरळ, ताठ, दोन्ही खांदे एका रेषेत! वर्षभरात पहिल्यांदा त्यानं पोटभर श्वास घेतला. शेषरावानंही सदरा भिरकावला. तोही सरळ. अन्नपूर्णाबाईनं पदर डोळ्यांवर ओढला आणि पदराच्या फटीतून नीट पाहून घेतलं.

"पाह्यलं?" झुंबरबाई गरजली.

वैजनाथराव धोतर पिळता पिळता म्हणाले, "पाह्यलं. पण इहीणबाई, उत्तमरावायचा सदरा कोणं शिवला?"

"म्याच!"

"त्याच मापाचा?"

"त्याच!"

"मंग ते काऊन नाही कलले?"

उत्तर नसलं की झुंबरबाई हुकूम सोडत असे. "अहो, तुमीबी काढा!"

"राहू दे ना," उत्तमराव पुटपुटले. "गर्मीचं मले बरं नाही वाटत."

"गर्मी हाय म्हणूनच तं काढा!"

उत्तमरावांनी आधी उपरणं काढलं. मग हळूहळू सदरा. आणि त्यांचा डावा खांदा, पाणी सुटल्यावर बांध खचावा तसा, तीन बोटं खाली उतरला!

तीस वर्षांचा संसार झाला होता, पण झुंबरबाईनं तो खांदा कधी पाहिला नव्हता. तशी ती नवऱ्याकडं पाही, पण रागानं पाही. आणि रागानं पाहिलं की सगळंच वाकडं दिसतं, त्यात खांदा वेगळा काय दिसणार!

"मिसरूड फुटलं तवा चिंचेवरून पडलो होतो," उत्तमराव जमिनीकडं पाहत म्हणाले. "तुह्या घरचे मले पाह्यले येणार होते. आमच्या बाबानं शिंप्याले सांगतलं, सदरा असा काप का कोणाले समजलं नाही पायजे. तवापासून शिंपी डावा खांदा उतरता कापते. तू त्याच्यावरून साऱ्या घराचे खांदे उतरोले."

"म्हणजे मले फसोलं!"

"दादा, उठ!" अन्नपूर्णाबाई म्हणाली. "ह्या घरात लपवालपवीच हाय."

विमलच्या हातातला ट्रे खाली पडला. झुंबरबाईनं पोरीकडं पाहिलं, आणि मग तिची नजर नवरदेवाच्या कोटावर गेली. घामाच्या धारा लागलेल्या, पण कोट सोडायला तयार नाही! ती पुढं झाली आणि मायेनं पाठीवरून हात फिरवावा तसा तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वर्षभर कापडात वावरलेली बोटं. त्यांना लगेच कळलं, आत माणूस कमी आणि कापूस जास्त!

"मास्तर, आमच्या घरचे सारे उघडे बसले हायेत. तुमीबी कोट काढा, मोकळे बसा."

"त्याले सर्दी हाय!" अन्नपूर्णाबाई मधे पडली.

"वैशाखात?"

नवरदेवानं केविलवाणं आत्याकडं पाहिलं, मग बापाकडं, आणि शेवटी उकाडाच जिंकला. त्यानं कोट काढला आणि शेजारच्या खुंटीला अडकवला. अर्धा नवरदेव खुंटीवर राहिला! उरलेला अर्धा सतरंजीवर बसला, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीसारखा, आणि सुटल्याचा सुस्कारा टाकला.

दारातून खुदकन आवाज आला. विमल पदर तोंडात कोंबून हसत होती. मास्तरानं तिच्याकडं पाहिलं आणि तोही हसला. हसताना मात्र तो कोटातल्यापेक्षा कितीतरी बरा दिसत होता.

"दादा..." अन्नपूर्णाबाईनं काही म्हणायला सुरुवात केली.

"बस खाली," वैजनाथराव म्हणाले. "आपलंच पोतं भरल्या बाजारात सुटलं. आता लोकायच्या पोत्यातले खडे काय निवडतं? उत्तमराव, आणा सुपारी, फोडून टाकू!"

सुपारी फुटली. तोंड गोड करायला झुंबरबाई आत शिरा परतायला बसली. उत्तमराव उघड्या अंगानं पाणी प्यायला आत आले, आणि तिनं त्यांना चुलीपाशी गाठलं.

"तीस वर्षं! तीस वर्षं खांदा लपोला माह्यापासून! अजून काय काय लपोलं, आत्ताच सांगा!"

उत्तमराव शांतपणे पाणी प्याले. "म्या खांदाच लपोला. तुह्या बापानं तं सबंध जीभ लपोली! पाह्यले आलो तवा तू मान खाली घालून बसेल होती, तोंडातून चकार शब्द नाही. म्या घरी येऊन मायले सांगतलं, पोरगी म्हणजे गाय हाय, गाय!"

झुंबरबाईनं कढईतलं उलथनं उगारलं आणि उत्तर द्यायला चांगलं ऐसपैस तोंड उघडलं. तेवढ्यात बैठकीतून अन्नपूर्णाबाईचं कानातलं बोलणं खणखणीत ऐकू आलं.

"पण दादा, काहीबी म्हण, पोरगी लई गरीब हाय बरं! आल्यापासून एक शब्द बोलली नाही!"

उघडलेलं तोंड झुंबरबाईनं तसंच मिटलं. दारापाशी विमल ह्यावर काहीतरी बोलायला निघालीच होती. झुंबरबाईनं तिला मनगटाला धरून मागं ओढलं, आणि गरम शिऱ्याचा भला मोठा घास तिच्या तोंडात कोंबला.