दीपमाळेतला सिंह

"रशीदभाई, दोन जुड्या हंसाचे पाय द्या आन् अर्धा किलो लांडगे." आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीच्या गाडीपाशी हे वाक्य ऐकू आलं, की जाधव डॉक्टर खाली उतरले असं खुशाल समजावं. रशीदभाई निमूटपणे चाकवत आणि टोमॅटो पिशवीत टाकतात आणि म्हणतात, "लांडगे आज जरा महंगे हैं, डॉक्टरसाब."

जाधव डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर. उभी नोकरी पिशोरकडे झाली आणि निवृत्तीनंतर ते सिडकोत आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. कॉलेजात जनावरांची हाडं घोकताना लॅटिन आणि ग्रीक शब्द डोक्यात बसले होते. उतारवयात झाडांची शास्त्रीय नावं वाचायला घेतली, तर त्यांना तिथं अख्खा गोठाच सापडला. चाकवताच्या 'चेनोपोडियम'मध्ये हंसाचं पाऊल. टोमॅटोच्या 'लायकोपर्सिकम'मध्ये लांडगा. बेशरमीच्या 'आयपोमिया'मध्ये अळी. दिसेल त्याला थांबवून ते सांगतात, "नीट बघा, जनावर हाय त्यात."

बिल्डिंगमधले लोक हसायचे. मी बँकेतला माणूस, मला हसण्यापेक्षा चीडच जास्त यायची. कारण त्यांच्या घरची अवस्था सगळ्यांना ठाऊक होती. इथं आल्यावर लवकरच काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय बरेचसे सावरले, पण वाचा गेली. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, शब्द परत येतील किंवा येणार नाहीत, सांगता येत नाही. तेव्हापासून काकू एकाही माणसाशी बोलल्या नव्हत्या. आमची आई म्हणायची, "घरात बायको मुकी बसलीय आन् ह्या माणसाला लांडगे सुचतात."

मग गणपती आले. आई अंगणात दूर्वा खुडत होती आणि डॉक्टर तिच्या शेजारी येऊन बसले. "सायनोडॉन. म्हंजे कुत्र्याचा दात." आई भडकली. देवाच्या डोक्यावर वाहायच्या वस्तूला कुत्रा म्हणता? डॉक्टर शांतपणे म्हणाले, "वहिनी, बाप्पाला उंदीर चालतो. कुत्र्यानं काय घोडं मारलंय?" त्यांनी हरळीचा धावता दांडा मातीतून उपसला, भिंग काढलं आणि तिच्या हातात दिलं. दांड्याच्या सांध्यावर पांढराशुभ्र, टोकदार कोंब होता. आई बराच वेळ भिंगातून बघत राहिली. "पिल्लाला पहिला दात येतो तसाच हाय की," ती हळूच म्हणाली. मीही पाहिलं. एवढी वर्षं ज्या गवतावरून चाललो त्यात दात होते. 

त्यानंतर मी झाडं बघायला त्यांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसू लागलो. पावसाळा सरता सरता एका रविवारी स्कूटरवरून खुलताबादकडे निघालो. चढावर रस्त्याच्या कडेला दीपमाळेचं झुडूप उभं होतं, पुरुषभर उंच, दांड्यावर गोल गोल गेंद आणि त्यांतून निघालेली केशरी फुलं. "लिओनोटिस. सिंहाचा कान," डॉक्टर म्हणाले. भिंगाखाली त्या फुलाची वरची पाकळी खरोखरच कानासारखी वळलेली होती, आणि तिच्यावर दाट, केशरी लव. कुठल्या काळी ग्रीक बोलणाऱ्या कुणीतरी सिंहाच्या कानाला नाव दिलं, आणि तो कान आमच्या डोंगरावर एस.टी.च्या धुरात मजेत डुलत होता. डॉक्टर एका बोटानं ती लव गोंजारत होते, ताप आहे का बघावं तशी.

मग त्यांनी त्यातल्या त्यात लहान रोप निवडलं, मुळाची माती न फोडता उपटलं आणि माझ्या मांडीवर दिलं. लिफ्ट बंद होती, म्हणून कुंडीत लावल्यावर ते वर पोचवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

जिन्यात दम खाताना मी न राहवून विचारलं, "एवढा खटाटोप कशासाठी, डॉक्टर?"

"पिशोरला आमच्या क्वार्टरमागं कुत्री, कोंबड्या, सगळं हिनंच पाळलेलं," ते म्हणाले. "गेल्या साली खाली कुत्रं भुंकलं आन् ही खुर्चीतून म्हणली, यूऽ यूऽ. माणसाचा एक शब्द नाय, पण जनावराची हाक शाबूत. सोसायटीत जनावर आणता येत नाय. फोटो दाखवला तर बघत नाय, तिच्या हाताला लागलं पायजे. मंग झाडं आणायला लागलो."

"मग लांडगे आणि सिंह कशाला?"

"कुत्र्याकोंबड्यांच्या हाका पाठ हायेत, आपोआप निघतात. सिंहाला हाक मारायची तिला कुठं सवय हाय? तिला स्वतः शोधावं लागंल. लांडग्याला कायच म्हणली नाय."

आम्ही आत गेलो. काकू बाल्कनीपाशी खुर्चीत होत्या, भोवती कुंड्याच कुंड्या. डॉक्टरांनी हरळीची कुंडी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली, त्यांचं बोट कोंबावर टेकवलं. "कुत्रा आलाय बघ." काकूंचे ओठ हलले. "यूऽ यूऽ." चाकवताच्या पानावरून हात फिरवून त्या "तीऽ ती ती" म्हणाल्या, कोंबड्यांना दाणे टाकताना म्हणतात तसं.

मग डॉक्टरांनी मला पुढं बोलावलं. मी कुंडी धरून वाकलो. डॉक्टर गुडघ्यांवर बसले, काकूंची बोटं फुलाच्या लवेवर ठेवली आणि म्हणाले, "आन् हा सिंह. आपल्या घरात शिरलाय."

काकू त्या कानावरून बोट फिरवत राहिल्या. कपाळाला आठ्या पडल्या. तोंड उघडलं, मिटलं. माझे हात भरून आले होते, पण कुंडी हलवायची माझी छाती होईना. डॉक्टर त्यांच्या ओठांकडे बघत होते. मग काकूंनी फुलावरचा हात काढला, मान वळवली आणि सरळ त्यांच्याकडे पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या.

"काय गं?" डॉक्टर म्हणाले, रोजचंच असल्यासारखं.