पत्रूभाऊले कोणी इचारलं नाई

आमच्या शेजारचे पत्रूभाऊ कोणाच्याई घरी आले का पयले बसत नाई, पयले वस्तू उलट्या करून पाहतेत. तेलाचं पाकीट, लेकराचा खुळखुळा, माही चप्पल सुद्धा. "वाच सुनबाई, कुठचं हाय?" मी सातवीपर्यंत शिकलेली, इंग्रजी अक्षरं जुळवता जुळवता मले घाम फुटते. भायेरच्या देशाचं निंगालं का पत्रूभाऊ ते असं खाली ठेवतेत जसा इचूच हाय, अन् म्हणतेत, "पाह्य, आले घरात."

कोण आले, ते मले अजून बरोबर समजलं नाई. त्यायचं म्हणणं असं का आपलं सरकार भायेरच्या देशायसंग मुक्त व्यापाराचा करार करून राह्यलं. म्हंजे त्यायचं तेल, त्यायचं दूध, त्यायचं सोयाबीन बिनाटॅक्सचं इकडं येईन, मंग आपला माल कोण घेईन? कोणता देश म्हणून इचारलं तं कधी एक नाव सांगतेत, कधी दुसरं. "अवो भाऊ, मांगच्या हप्त्यात तं दुसराच होता!" तं म्हणतेत, "तोई हायेच. रांगेत हायेत सारे." मले भेव वाटते. एवढे देश रांगेत उभे, अन् आमच्या दाराची कडी तुटलेली.

आमचं गाव धानोऱ्याच्या पुढं, जंगलात. इथी ग्रामसभेत हात मोजत नाई. साऱ्यायनं हो म्हटलं तरच ठराव होते. एक जण बी नाई म्हणला का विषय थांबला, मंग त्याले समजवत बसा. बांबू तोडायचा असो का तलावाची मासोळी धरायची. तं पत्रूभाऊच्या डोक्श्यात पक्कं का कराराचं बी तसंच असते. "मी नाई म्हणून राह्यलो ना, मंग होईनच कसा? मले इचाराले यावंच लागन."

"भाऊ, दिल्लीवाले इथी येतीन?"

"येतीन नाई तं काय! अन् मी घरी नसलो तं लिहून टाकतीन, पत्रूले काई म्हणायचं नव्हतं."

म्हणून ते गाव सोडत नाई. त्यायची पोरगी सुनंदा चंद्रपूरले दिलेली हाय, ती फोनवर बोलावून बोलावून थकली. हे आपले दारासमोर खाटेवर, सडकीकडं तोंड करून. एकडाव पोलिओ डोजवाल्या सिस्टरची गाडी आली, तं हे धुतलेला सदरा घालून गाडीले आडवे. "माहं नाई हाय!"

सिस्टर म्हणली, "बाबाजी, तुमचं वय किती?"

"वयाचं काय काम? नाई म्हंजे नाई. लिहा!"

ती बिचारी माह्याकडं पाहे, मी जमिनीकडं. शेवटी तिनं वहीत काईतरी लिहिल्यासारखं केलं, तवा गाडी पुढं गेली. चार दिवस पत्रूभाऊ मिशीत हासत होते. "यंदाचा तं थांबवला," म्हणे.

मांगच्या उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम होता, सारं गाव पहाटीच पत्ता तोडाले जंगलात गेलेलं. मी घरी, काऊन का पोरगी नऊ महिन्याची अन् दोन दिसापासून तिले ताप. तिचा बाप घुग्घुसले सिमेंटच्या कामावर, फोन लागत नाई. उन्हं चढली अन् लेकरानं एकदम डोळे फिरवले, हातपाय ताठ केले, मी तिले उचलून बोंबलतच भायेर निंगाली. गावात माणूस नाई. एक पत्रूभाऊ खाटेवर.

"भाऊ, चला ना वो माह्यासंग धानोऱ्याले, दवाखान्यात मले एकटीले काई समजत नाई!"

ते उठले. सडकीकडं पाह्यलं. अन् पुन्हा बसले.

मले वाटलं झालं, माही पोरगी या करारापायी जाते. मी काय काय बोलली मले आठवत नाई, शिव्या बी देल्ल्या असतीन. ते आतमंदी गेले, दुपट्टा ओला करून आणला, लेकराच्या डोक्श्यावर टाकला अन् माह्यापुढं चालाले लागले, एवढे जोरानं का मीच मांगं राह्यली. सडकीवर ऑटोले हात देल्ला.

ऑटोत माह्याच तोंडातून निंगालं, "भाऊ, अन् ते आले तं?"

"येऊ दे," म्हणले. "त्यायले थांबता येते."

दवाखान्यात सुई देल्ली, सलाईन लावली. दुपारपर्यंत ताप उतरला. डॉक्टरीनबाई म्हणली, तापाचाच झटका होता, बरं झालं लवकर आणलं. मी तिथीच खाली बसून रडली.

तेवढ्यात त्यायले सुनंदाचा फोन आला. "बाबा, तुमी धानोऱ्यात? गावाच्या भायेर?" एवढंच मले आयकू आलं, मंग ती बी रडाले लागली.

"रडतं काऊन वो? शेजारचं लेकरू हाय, बरं हाय आता," म्हणून त्यायनं फोन ठेवला. मंग माह्याकडं न पाहता बोलाले लागले. "सुनंदाच्या मायले बी असाच ताप होता. मी गडचिरोलीले कराराच्या सभेले गेल्तो, दोन दिवस. आलो तं लोकायनं तिच्या मातीचं सारं उरकलं होतं. उन्हाचे दिवस, कितीक वाट पाहतीन."

मी पोरीवरच्या माशा हाकलल्या.

"लोकायचं काई चुकलं नाई," म्हणले. "सभेले निंगालो तवा ती आतमंदी निजली होती. जाऊ का म्हणून मीच तिले इचारलं नाई."

मंग उठले, नळावर गेले, दुपट्टा पुन्हा ओला करून आणला अन् पोरीच्या कपाळावर ठेवला. ताप तं कवाचाच उतरला होता. मी पोरीचे केस बाजूले केले, दुपट्टा नीट बसावा म्हणून.