जयंतभाईंचं नाक

आमच्या कुंपणापलीकडचे जयंतभाई रोज सकाळी ओट्यावर बसून चार बाटल्या हुंगतात. दारूच्या नव्हेत, नाहीतर लोकांना निदान समजलं तरी असतं. रुंद तोंडाच्या जुन्या औषधाच्या बाटल्या. एकीत लवंगा, एकीत लिंबाची साल, एकीत निलगिरीच्या तेलाचा बोळा आणि चौथीत सुका बोंबील. बाटली नाकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि तो वास आठवायचा. येत नाही, म्हणून आठवायचा. मी अंगणात चिकूच्या चकत्या वाळत घालत असते तेव्हा हा सोहळा चालतो. काय भाई, आलं का काही, असं मी विचारते. भाई बोट वर करून म्हणतात, "आत काम चालू आहे."

हे त्यांचं पालुपद. रस्ता खणून ठेवलेले लोक पाटी लावतात ना, तशी यांनी नाकावर लावली आहे.

पण एके काळी घोलवडात या नाकाचा काय तोरा होता म्हणून सांगू. भाईंची चिकूची वखार. पेटी गाडीत चढायच्या आधी भाई तिच्यावर वाकायचे आणि फर्मान काढायचे, ही दिल्लीला जाऊ दे, ही सुरतेलाच उतरव, पुढे टिकायची नाही. ते खरं व्हायचं की नाही देव जाणे, दिल्लीहून सांगायला कोण येतंय. माझ्या घरात फोडणी करपली की हे ओट्यावरून ओरडणार, वहिनी, गॅस बारीक करा. मला असा राग यायचा! एकदा मी मुद्दाम जिरं जाळलं होतं.

त्यांची बायको कुंदा वाढवणची, मासेमारीच्या घरातली. भाईंच्या घरी लसूणसुद्धा जपून. दोघांनी लग्न केलं तेव्हा गाव बोलबोल बोललं आणि दमून गप्प झालं. पण कुंदाला बोंबील सुटेना आणि भाईंना त्याचा वास सोसेना. शेवटी तह झाला. मागच्या अंगणात वेगळी चूल, वेगळा तवा, त्या कामापुरतं नेसायचं एक जुनं सुती पातळ, आणि मुख्य म्हणजे वारा. मागचं अंगण समुद्राच्या बाजूला. वारा पूर्वेचा असला की वास घरात न येता समुद्राकडे जातो. म्हणून भाई सकाळी ओट्यावर रुमाल धरून उभे राहायचे आणि वारा बघून आत सांगायचे, कर आज. कुंदा मला म्हणायची, "सासू सुटली गं माझी, पण हे नाक काही सुटत नाही." मग मी तांदळाच्या भाकऱ्या घेऊन कुंपणातून पलीकडे जायची आणि आम्ही दोघी चुलीपाशी बसून तव्यावरचे बोंबील तिथल्या तिथे संपवायचो. तशी मैत्रीण मला पुन्हा मिळाली नाही.

दोन हजार चौदाच्या थंडीत कुंदा गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. भाई दोन वर्षं कसेबसे सावरत होते, तेवढ्यात बोर्डीच्या रस्त्यावर स्कूटर घसरली आणि डोकं मागून आपटलं. टाके निघाले, भाई हिंडूफिरू लागले, आणि एका संध्याकाळी दारात येऊन म्हणाले, "वहिनी, हल्ली उदबत्त्यांना वास का नसतो?" मी म्हटलं, भाई, माझ्या घरापर्यंत येतोय तुमच्या उदबत्तीचा वास. ते तसेच परत फिरले.

डॉक्टरांनी सांगितलं, आलं तर येईल, नाही तर नाही, डोकं वाचलं हे नशीब समजा. भाईंनी काही नशीब समजलं नाही. बडोद्याला दिलेल्या मुलीनं मोठा फोन घेऊन दिला होता, त्यावर ते मेंदूचं वाचायला लागले, आणि मग आमची खैर राहिली नाही. दूधवाला असो, पोस्टमन असो, भाई त्याला उभं करून सांगणार. नाकाच्या छताला चाळणीसारखं हाड असतं. त्या भोकांतून वासाचे धागे मेंदूत जातात. डोकं आपटलं, मेंदू हलला, धागे तुटले. पण गंमत अशी की शरीरातल्या बाकीच्या बहुतेक नसा एकदा मेल्या की मेल्या, वासाच्या मात्र पुन्हा उगवतात. आपल्या रोपवाटिकेसारख्या. फक्त रोज पाणी घालावं लागतं, म्हणजे रोज हुंगावं लागतं. परदेशात लोकांनी असं करून पाहिलंय आणि काहींची नाकं परत आली आहेत. त्यांच्या प्रयोगात चौथ्या बाटलीत गुलाब असतो. भाई म्हणाले, गुलाबाशी माझी काही ओळख नाही.

आणखी एक गोष्ट ते फार रंगून सांगायचे. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूतल्या मधल्या स्टेशनावर थांबून मग पुढे जातं. वास थांबतच नाही. मेलगाडी घोलवड सोडून सुसाट जाते तसा तो थेट आठवणींच्या घरात. हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली यायचा, पण मला वाटायचं, दम लागला असेल.

घरात एकट्या माणसाला नाक नाही म्हणजे काय, ते मी रोज बघत होते. दूध उतू जाऊन पातेलं काळं होई तरी यांना पत्ता नाही. रोज वाटी घेऊन कुंपणाशी हजर, वहिनी, हे आंबलंय का बघा. भाताची वाटी, ताकाचं भांडं, कधी धुतलेला सदरा. माझ्या नाकाला म्हणून दिवसभर ड्यूटी लागलेली. वर बाहेर लाज आणायचे ती वेगळीच. एसटीत शेजारच्याच्या पिशवीत डोकं घालायचे. जन्मभर नाकाला रुमाल लावून ज्याच्यासमोरून पळाले, त्या डहाणूच्या मासळी बाजारात जाऊन टोपलीवर डोळे मिटून वाकून उभे राहायचे. "घ्यायचं तं घे, नाय तं नाक उचल तुझा," असं एका मासेवालीनं सुनावलं. भाईंनी नाक उचललं आणि तिलाही चाळणीचं हाड समजावून सांगितलं.

एकदा मात्र ते नाचतच आले. निलगिरी आली म्हणे! आत काहीतरी थंडगार झणझणलं. मी चहा केला, साखर जास्त घातली. दुसऱ्या दिवशी तोंड पाडून बसले होते. फोनवर वाचलं होतं की ती झणझण म्हणजे वास नव्हे. तिची नस वेगळी, चेहऱ्याची. मिरचीचा ठसका, कांद्याची आग, धुराची चुरचुर सगळं तिच्याकडे. "दुसरीच नस निघाली, वहिनी," म्हणाले आणि पुन्हा लवंगांची बाटली उघडली.

दोन हजार अठराच्या दिवाळीच्या सुमारास तलासरीकडे जमीन हलायला लागली आणि मग थांबेचना. पुढच्या वर्षी एका दुपारी जरा जोरातच हादरा बसला. सगळे बाहेर धावले. आमचे हे टीव्हीचा रिमोट घेऊन धावले, मी चकत्यांची परात. भाई आले ते पत्र्याचा डबा पोटाशी धरून. डब्याला वखारीतली चिकटपट्टी गुंडाळलेली, पण ती फाटली होती आणि झाकण तिरकं झालं होतं. भाई दोन्ही हातांनी झाकण दाबून धरत होते. मी म्हटलं, भाई, सोनंनाणं आहे की काय? चेहरा पांढराफटक.

लोक आपापल्या घरात परतले तेव्हा त्यांनी मला हाक मारली आणि ओट्यावर बसून सगळं सांगितलं. डबा कुंदाचा, सुक्या बोंबलांचा. आत तिचं ते चुलीपाशी नेसायचं पातळ, न धुतलेलं. ती गेल्यावर भाई कधीमधी झाकण किलकिलं करून वास घ्यायचे. बोंबील, धूर, तिचं खोबरेल. मग नाक गेलं. उघडलं की वास उडतो आणि आपल्याला तर येत नाही, म्हणून डब्याला पट्ट्या लावल्या. नाक परत येईपर्यंत जपायचं, मग उघडायचं. बाटल्या त्यासाठी, बाजार त्यासाठी. आणि आता फळीवरून डबा पडला होता.

"वहिनी, तुम्ही बघा. तिचा वास तुम्हाला माहीत आहे. आहे का अजून, तेवढं सांगा."

मी झाकण काढलं. आधी भाईच वाकले, राहवलं नाही त्यांना. एक खोल श्वास घेतला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी तो जन्मात विसरणार नाही.

"येतंय. वहिनी, काहीतरी येतंय."

मग वास माझ्यापर्यंत आला. कापराचा. नुसता कापराचा. पातळाच्या घड्यांत भीमसेनी कापराचे खडे ठेवलेले होते. आमच्याकडे समुद्राच्या दमट हवेत कपड्यांना कसर लागते, म्हणून प्रत्येक घरात ठेवतात. भाईंनीही पट्ट्या लावण्याआधी ठेवले होते, मूठभर. ज्याला वास येत नाही त्याच्या कसं ध्यानात यावं की एक वास दुसऱ्याला खाऊन टाकतो. मी पातळात तोंड खुपसून शोधलं. कुंदा कुठेच नव्हती.

मी खोटं बोलणार होते, खरंच. पण भाईंनी पुन्हा श्वास घेतला आणि बोटांनी तो खडा चाचपला.

"थंड लागतंय," ते म्हणाले. "कापूर आहे ना?"

मी मान डोलावली.

"दुसरा कसलाच नाही?"

मी म्हटलं, नाही भाई. आत काम चालू आहे, असंही ते म्हणाले नाहीत. मला कुंदाचा राग आला, भाईंचा आला, कापराचाही आला. माणूस गेलं तरी निदान एवढं तरी राहायला हवं होतं.

बऱ्याच वेळानं भाईंनी खिशातून रुमाल काढला. मला वाटलं डोळे पुसतील. त्यांनी तो हवेत धरला. रुमाल समुद्राकडे फडफडत होता.

"वारा पूर्वेचा आहे," ते म्हणाले. "बोंबील आहेत का तुमच्याकडे?"

मी घरून बोंबील आणले. मागच्या अंगणात कुंदाची चूल पालापाचोळ्यानं भरली होती, ती साफ करून पेटवली. तवा भाईंनीच शोधून दिला. कुंदा गेल्यापासून मी तिथे बसले नव्हते. बोंबील तडतडायला लागले तसे भाई उठले आणि धूर जात होता त्या बाजूला, अगदी त्याच्या वाटेत, पाट मांडून बसले. उभ्या जन्मात जिथे पाय ठेवला नव्हता तिथे.

मी विचारलं, आलं का काही?

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसतही नव्हते.

"ही पण दुसरीच नस, वहिनी," म्हणाले. "तुम्ही भाजा."