मागे नाव लिहिलंय का?

माझ्या आजोबांची ओळख मी अण्णांना करून दिली आणि तोंडघशी पडलो. हॉलमधला जुना ग्रुप फोटो दाखवत मी म्हणालो, "हे पुढच्या रांगेतले, काठी घेऊन बसलेत ना, ते माझे आजोबा. नाक बघा, तेच मला आलंय." चहा घेऊन आलेली बायको दारातच थबकली.

"अहो, ते आजोबा नाहीत. ते तुमच्या आत्याचे सासरे. आजोबा मागे आहेत, खांबाआड अर्धे."

"तुला काय माहीत?"

"सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं."

"मग मला का नाही बोललीस?"

"दर दसऱ्याला इतक्या भक्तीने हार घालत होतात, म्हटलं कशाला मोडा."

अण्णांनी फोटो खिळ्यावरून उतरवला, उलटा केला, पाठ बघितली आणि मान हलवली. "मागे नाव लिहिलेलं नाही. नाही लिहिलं की असंच होतं, भाऊसाहेब. माणसाचा माणूस हरवतो."

निवृत्तीअण्णांशी माझी खरी ओळख ही अशी झाली. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर एकटे राहतात. वय ब्याऐंशी. मूळचे निफाडकडचे, नोकरी जमीन मोजणी खात्यात. कोणाच्याही घरी गेले की भिंतीवरचे फोटो उलटे करून पाठी बघायच्या, ही त्यांची सवय. लग्नाला गेले तर फोटोग्राफरला गाठून विचारणार, "मागे नावं लिहिणार ना?" फोटोग्राफर म्हणाला, "काका, आता पेनड्राइव्हवर देतो." त्यावर अण्णा, "मग पेनड्राइव्हच्या मागे लिहा." सोसायटीच्या सत्यनारायणाच्या फोटोमागे त्यांनी शिसपेन्सिलीने सदतीस नावं लिहिली आहेत, त्यांत भटजींचंही आहे आणि कोपऱ्यात आलेल्या दूधवाल्याचंही.

या वेडाचं मूळ त्यांच्या देवघरात आहे. अण्णा आईच्या पोटात असताना त्यांचे वडील पलटणीतून दुसऱ्या महायुद्धावर गेले, ते इटलीत कुठेतरी राहिले. घरी तार आली, मागाहून एक पदक आलं. फोटो नाही. आमच्याकडे घरातला माणूस असा अकाली गेला की त्याचा चांदीचा टाक करून त्याला वीर म्हणून देवात बसवतात आणि धुळवडीला गंगेवर, म्हणजे आमच्या नदीवर, आंघोळीला नेऊन नाचवतात. अण्णांच्या आजोबांनी निफाडच्या सोनाराकडून टाक आणला. सोनाराकडे वीराचा एकच ठसा. घोडा, त्यावर माणूस, हातात तलवार.

"आमचे वडील पायदळात," अण्णा म्हणतात. "आयुष्यात घोड्याला हात लावला नसेल. घरात होता तो बैल. पण देवघरात बघावं तर घोड्यावर! आणि दरसाली घासून घासून आता चेहरा पण गुळगुळीत. घोड्याचा राहिलाय."

फजिती झाली त्याच आठवड्यात ते फूटपट्टी आणि भिंग घेऊन वर आले. "तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे. आजोबा सापडले तुमचे, आता माझा बाप शोधू."

त्यानंतर दीड वर्ष दर रविवारी सकाळी आम्ही परदेशी संग्रहालयांची संकेतस्थळं धुंडाळत बसलो. पत्रं मी लिहायचो. पहिल्याच पत्रात घाईघाईत माझ्याच आईच्या नावाने चौकशी पाठवली, तेव्हा 'आमच्या नोंदीत या नावाचा शिपाई नाही' असं अत्यंत सभ्य उत्तर आलं. अण्णांच्या वडिलांच्या नावानेही तेच उत्तर आलं, फक्त एक ओळ जास्त होती. छायाचित्रांत शिपायांची नावं सहसा नोंदवलेली नाहीत.

फोटो मात्र शेकड्यांनी होते. हिंदी शिपाई चपात्या भाजताना. हिंदी शिपाई नदी ओलांडताना. अण्णा पडद्याला फूटपट्टी लावून उंची मोजायचे. त्यांची आई म्हणायची, वडिलांचं डोकं दाराच्या चौकटीला लागायचं. गावच्या घराची चौकट अण्णांनी जाऊन मोजून आणली होती. "हा बसत नाही मोजणीत. पुढचा घ्या." एका फोटोत गोरा अधिकारी, चार आपले शिपाई आणि एक खेचर. खाली अधिकाऱ्याचं नाव होतं, हुद्दा होता, खेचराचंही नाव होतं, डेझी. शिपायांपुढे नुसतं 'इतर'.

मी चिडून काहीतरी बोललो. अण्णा शांतपणे म्हणाले, "असू द्या. खेचराला मागून कोणी शोधत येईल असं वाटलं असेल त्यांना."

त्या दिवशी ते 'पुढचा घ्या' म्हणाले नाहीत. जाताना जिन्यात कठड्याला धरून थांबले.

"भाऊसाहेब, आता किती दिवस राहिलेत माझे? वर गेलो तर ते असतील चोवीस वर्षांचे. समोरून हा ब्याऐंशीचा म्हातारा येतोय, तो आपला पोरगा, हे त्यांना कसं कळावं? ते काय मला ओळखणार नाहीत. निदान मला तरी त्यांना ओळखता आलं पाहिजे ना?"

मी म्हणालो, "जपून उतरा."

मग माघात एका रविवारी तो फोटो आला. विहिरीच्या काठावर नऊ शिपाई उभे. आठ जण स्पष्ट, बटणंसुद्धा मोजता यावीत इतके. उरलेला एक, डावीकडून तिसरा, नेमका हललेला. मानेच्या वर नुसता धुरकट फराटा. मी पुढचा फोटो घेणार, तोच अण्णांनी माझा हात धरला.

"थांबा. हेच."

"अण्णा, चेहराच नाहीये."

"म्हणून तर. आई म्हणायची, लय चुळबुळे. जेवताना बी एका जागी बसत नव्हते. फोटोला उभे राहिले असते तर असेच आले असते."

"पण हा कोणीही असू शकतो हो."

"तुमच्या आत्याचे सासरे कोण होते? चाळीस वर्षं पुरले ना तुम्हाला?"

मी कॉलेज रोडला जाऊन त्या फोटोची मोठी प्रत काढून आणली. अण्णांनी ती उलटी केली, पेन्सिलीला टोक केलं आणि वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं. मग पुढे कंसात 'बहुतेक' लिहिलं. "सरकारी मोजणीदार होतो. खोटी हद्द नाही लावणार."

यंदा धुळवडीला त्यांनी आम्हा नवरा-बायकोला बरोबर नेलं. त्यांचा मुलगा बंगळूरला. तो फोनवर म्हणाला होता, बाबा, गुडघ्यांचं बघा, टाक घरीच धुवा. अण्णांनी ऐकलं नाही. खोबऱ्याच्या वाटीत टाक, त्यावर लाल कापड, खिशात घडी न घालता ठेवलेला तो फोटो, अर्धा बाहेर. गंगेवर ही गर्दी, हलगी कडाडत होती, दिवस मावळायला आलेला. टाकाला आंघोळ घालून झाली आणि अण्णांनी वाटी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरली. मला वाटलं, नमस्कार करताहेत. ते नाचायला लागले. ब्याऐंशीचे गुडघे, मोजून तीन बोटं वर येत होते, पण थांबेनात.

"अण्णा, एक मिनिट स्थिर उभे राहा, फोटो घेतो," मी ओरडलो. त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल.

घरी येऊन मोबाइल बघितला. सगळे फोटो वाया गेलेले. मागची दीपमाळ स्पष्ट, शेजारचा हलगीवाला स्पष्ट, अण्णांच्या जागी पांढरा फराटा. पुसून टाकायला मी बोट टेकवणार, तेवढ्यात बायकोने फोन काढून घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा करून बघितला.

"राहू द्या," ती म्हणाली. "अगदी वडलांवर गेलेत."